दम्याची सून

आमच्या माहेरी, न्हावऱ्याला, कुणाचं काही दुखलं की त्याला दौंडला माझ्याकडे पाठवायची पद्धत आहे. मी डॉक्टर नाही, नर्स नाही. माझं कर्तृत्व एवढंच, की मी बारावीपर्यंत शिकले, माझे यजमान महेंद्र रेल्वेत आहेत आणि आमच्या घरातून स्टेशनवर पायी जाता येतं. तेवढ्या भांडवलावर मी वर्षानुवर्षं न्हावऱ्याच्या लोकांचे गुडघे, मोतीबिंदू आणि मुतखडे पुण्याला पोहोचवते आहे. "आमच्या सुषमाला सगळं ठावं असतंय," असं आई चारचौघांत सांगते. सुषमाला काय ठाऊक असतं? केसपेपर कुठल्या खिडकीवर मिळतो आणि कुठल्या मजल्यावरचा संडास त्यातल्या त्यात बरा असतो, एवढंच.

त्यामुळे माझ्या धाकट्या भावाचा, बिरदेवचा फोन आला तेव्हा मला आधी कंटाळाच आला.

"आक्का, प्रगती पडली. सैपाकघरात."

"पाय घसरला का?"

"न्हाई गं. कुकरची शिट्टी झाली आन् उभ्या उभ्या खाली. डोळं पांढरं. म्या पाणी आणंस्तवर उठून बसली. मलाच इचारती, काय झालं म्हणून."

प्रगती म्हणजे बिरदेवची बायको. केंदूरची मुलगी. पहिलं बाळंतपण माहेरी करून, तान्ह्या लेकीला घेऊन नुकतीच न्हावऱ्याला परत आली होती. माझ्या आईनं, अनसाबाईनं, जागच्या जागी निदान केलं, अशक्तपणा. डिंकाचे लाडू वाढवले. पुढच्याच आठवड्यात बिरदेवच्या मोबाईलचा गजर वाजला आणि प्रगती अंथरुणातून उठता उठता परत कोसळली. या वेळी शुद्धीवर यायला तिला वेळ लागला. मग लाडवांवरचा विश्वास उडाला आणि नवरा, बायको, बाळ आणि बाळाचं गाठोडं माझ्या दारात उभं राहिलं.

दौंडच्या आमच्या डॉक्टरांनी तिच्या छातीला वायरी लावून हृदयाचा कागद काढला. त्यावरच्या रेघा पट्टीनं मोजल्या, परत मोजल्या. मग म्हणाले, "पुण्याला घेऊन जा. आजच. उद्यावर टाकू नका."

पुण्यातल्या हॉस्पिटलात हृदयाच्या डॉक्टरीणबाई साधारण माझ्याच वयाच्या होत्या. डोळ्यांखाली काळं, आवाज बसलेला. आमच्या आधी बरीच माणसं झाली होती आणि आमच्यानंतर त्याहून जास्त बाहेर बसली होती. तरी त्यांनी बिरदेवला नीट समजावलं.

"तुमच्या विहिरीवर मोटार आहे ना? समजा मोटार चांगली, पाणी चांगलं, पण वायरिंगमध्ये मुळातच दोष. तसं हिचं आहे. हृदय मजबूत आहे, त्याच्या विजेच्या रचनेत जन्मापासून खोट आहे. आईबापांकडून येते. एकदम मोठा आवाज झाला, दचकली, की ठोके बिघडतात आणि लाइट जाते. बहुतेक वेळा आपोआप परत येते."

"आन् न्हाई आली तर?"

बाईंनी प्रगतीच्या मांडीवरच्या बाळाकडे पाहिलं. "तर माणूस जातो. आणि हिच्या प्रकारात बाळंतपणानंतरचे महिने सगळ्यांत वाईट. झोप नाही, आणि घरात दचकवायला बाळ आहेच."

बाई लगेच म्हणाल्या, "औषध आहे. बीटा ब्लॉकर म्हणतात. हृदयाला दचकू देत नाही. रोज घ्यायचं, बहुधा जन्मभर, पण त्यावर माणसं म्हातारी होतात. मला एक सांगा, हिला दमा आहे का?"

"व्हय," बिरदेव म्हणाला. "ल्हानपणापासनं. त्यांनी लग्नाच्या आधीच सांगितलं हुतं."

हे त्यानं जरा अभिमानानंच सांगितलं. आमच्याकडे या गोष्टीचं फार कौतुक होतं. बिरदेव सणसवाडीच्या कंपनीत कंत्राटदाराकडे कामाला, शेती जेमतेम. अशा मुलांना हल्ली मुलीच मिळत नाहीत. शोधून शोधून आमच्या चपला झिजल्या होत्या. तेव्हा केंदूरला बघण्याच्या कार्यक्रमात प्रगतीची आई सोजराबाई सगळ्यांसमोर म्हणाली होती, "पोरीला जरा दम्याचा तरास हाय. पाटावर बसायच्या आधी सांगितल्यालं बरं." आई परत येताना गाडीत म्हणाली, "बाई खरी हाय." दमा तर दमा. सुपारी फुटली.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

"मग अडचण आहे," त्या म्हणाल्या. "या आजारात दोन औषधं भरवशाची. प्रोप्रॅनोलॉल आणि नॅडोलॉल. पण ती हृदय सांभाळता सांभाळता श्वासनळ्या आवळतात. दमेकऱ्याला दिली आणि जोराचा अटॅक आला, तर नेहमीचा पंपसुद्धा लागू पडत नाही. तिसरं आहे मेटोप्रोलॉल. ते छातीला जपतं, पण हिच्या प्रकाराला तेवढं धरून ठेवत नाही." मग प्रगतीकडे वळल्या. "दम्याचा शेवटचा अटॅक कधी आला होता?"

"लई दिस झालं."

"म्हणजे कितवीत असताना?"

"सातवीत."

"पंप कुठला वापरायचीस?"

"निळा."

"याआधी कधी अशी चक्कर येऊन पडली होतीस? घरात कुणी तरुण माणूस अचानक गेलं?"

"न्हाई."

सगळी उत्तरं तिनं फरशीला दिली. मला वाटलं, पोर घाबरली आहे. बाईंनी तिला दुसऱ्या खोलीत पाठवून नळीत फुंकायची तपासणी करून घेतली. ती चांगली आली. पण त्यांचं समाधान झालं नाही. म्हणाल्या, "दमा असाच लबाड असतो. मधल्या दिवसांत फुप्फुस अगदी स्वच्छ दिसतं. अटॅक येऊन गेलेत म्हणताय, अंगावर दूध पिणारं बाळ आहे, मी धोका घेणार नाही." आणि त्यांनी मेटोप्रोलॉल लिहून दिलं. "यावर परत पडली, तर छातीत मशीन बसवावं लागेल. ठोके बिघडले की ते आतून झटका देतं. तेवीस वर्षांच्या मुलीच्या छातीत इतक्या लवकर ते घालायची माझी इच्छा नाही. पण दम्यामुळे माझे हात बांधलेत."

त्यानंतर न्हावऱ्याच्या आमच्या घरात जे सुरू झालं, त्याला संसार म्हणायचं की राखण, मला सांगता येणार नाही. कुकर माळ्यावर गेला. मोबाईल मुके झाले. बिरदेवनं गजर लावायचं सोडलं आणि पहिल्या पाळीला दोनदा उशिरा पोहोचून सुपरवायझरच्या हिंदीतल्या शिव्या खाल्ल्या. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, खोकायचं असलं तरी ते गोठ्यात जाऊन खोकायचे. आई दुधाची चरवी ठेवतानासुद्धा खाली फडकं घालायची. सगळे चोरपावलांनी चालायचे आणि सगळ्यांचे डोळे प्रगतीवर. त्या बिचारीला बघितलं जातंय याचाच शीण आला असेल. आणि बाळ? बाळाला कोण सांगणार हळू रड म्हणून?

एवढं करून एके दिवशी दुपारी मांजरानं फळीवरची पातेली पाडली. प्रगती बाळाला घेऊन बसलेली होती. ती बसल्या जागी कलंडली. बाळ गोधडीवर पडलं म्हणून वाचलं.

झालं. बाईंनी मशीनसाठी पुढचा मंगळवार दिला. तोपर्यंत पुणं जवळ असावं म्हणून प्रगती आणि बाळ माझ्याकडे दौंडला राहायला आली. बिरदेवची रात्रपाळी होती, आई गुरं सोडून येऊ शकत नव्हती. म्हणजे राखण आता माझ्याकडे. मी मनातून इतकी दमले होते की रडायलाही येत नव्हतं. तिचा राग यायचा आणि तिच्याकडे पाहिलं की रागाची लाज वाटायची.

शुक्रवारी मी मसाल्याच्या मिरच्या भाजायला घेतल्या. प्रगतीला आधीच बजावलं, "तू बाळाला घेऊन पुढच्या खोलीत जा, दार लावून घे. तुला दमा आहे." ती गेली. कढईतल्या मिरच्या तापायला लागल्या आणि नेमकी महेंद्रनं हाक मारली, त्यांना डब्याचं झाकण सापडत नव्हतं. पुरुषांना झाकण कधीच सापडत नाही. मी झाकण शोधून देईपर्यंत घरभर ठसका उठला. महेंद्र शिंकत बाहेर पळाले. शेजारीण तिच्या घरातून खोकली. मी पदर नाकाला लावून स्वयंपाकघरात गेले, तर प्रगती कढईपाशी उभी. मिरच्या जळतील म्हणून धावत आली होती. धुरात उभी राहून उलथन्यानं मिरच्या परतत होती, अगदी शांतपणे, डोळ्यांतलं पाणी पुसत.

तिनं मान वळवली. मी बघते आहे हे तिच्या लक्षात आलं. आणि मग ती खोकली.

खोकायचं राहून गेलं होतं, ते आठवून खोकली. मी गॅस बंद केला, खिडकी उघडली, तिला पुढच्या खोलीत नेऊन बसवलं आणि विचारलं, "प्रगती, तुझा पंप दाखव."

"संपलाय, आक्का."

"रिकामा दाखव."

तिनं गोधडीवरचं बाळ उचलून घेतलं. मी म्हणाले, "तुला दमा नाहीये."

तिनं बाळाला उगाचच दुसऱ्या खांद्यावर घेतलं. इतक्या दिवसांचा शीण एकदम माझ्या डोक्यात चढला. "अगं, त्या दम्यापायी तुला हलकी गोळी चालू आहे! मंगळवारी छाती उघडून मशीन घालतील. छाती फाडून घेशील, पण तोंड उघडणार नाहीस?"

"मशीनवालीला नांदवत्यात, आक्का," ती हळू म्हणाली. "मिरगीवालीला न्हाई नांदवत."

आणि त्यापुढे एकच, "ह्यांस्नी सांगू नगा. इचारायचं त्ये आईला इचारा."

शनिवारी बाळ आणि प्रगतीला महेंद्रच्या हवाली करून, आवाज करू नका असं त्यांना बजावून मी केंदूरला निघाले. दौंडहून केंदूर म्हणजे एका दिवसाची शिक्षाच. चौफुल्याला उतरा, न्हावऱ्याच्या बाजूची गाडी धरा, शिक्रापूरला कंपन्यांच्या बसगाड्यांच्या गर्दीत उभं राहा आणि मग पाबळच्या रस्त्याला जीप मिळाली तर मिळाली. मी सोजराबाईंच्या दारात पोहोचले तेव्हा त्या शेरडांना पाला घालत होत्या. मला एकटीला पाहून त्यांच्या हातातला पाला तसाच राहिला.

"पोरगी बरी हाय न्हवं?"

"जिवंत आहे," मी म्हणाले. "मावशी, तिला दमा कधी होता?"

त्यांनी मला आत नेलं, पाणी दिलं, चहा ठेवते म्हणाल्या. मी नको म्हणाले. मग त्या भिंतीला टेकून बसल्या आणि हातातली काडी मोडायला लागल्या.

"सातवीला हुती," त्या म्हणाल्या. "बिरुबाच्या जत्रंत फटाक्याची माळ लावली, आन् ही ढोलापशी धाडकन पडली. मान्सं गोळा झाली. कुनी कांदा फोडून आनला. एकानं पायातली चप्पल काढली आन् माज्या लेकीच्या नाकाला लावली."

मला पुढचं सांगायची गरज नव्हती. आमच्या भागात चप्पल हुंगवली म्हणजे मिरगी, फेफरं. आणि जत्रेत, सगळ्या भावकीसमोर, देवाच्या दारात हुंगवली म्हणजे पंचक्रोशीत दवंडी. त्या मुलीला पुढे स्थळ येत नाही.

"म्या चप्पल हिसकून फेकून दिली," सोजराबाई म्हणाल्या. "आन् वरडले, मिरगी न्हाई माज्या पोरीला, दमा हाय, दम कोंडला तिचा! तोंडाला आलं त्ये बोलले. मग त्येच धरून ठिवलं. मेडिकलातनं पंप आनला. म्हनलं शाळंत, पान्यावर, लोकांत दिसला पायजे. आन् लग्नाला आमीच आधी सांगितलं, म्हंजी कुनी जत्रंतलं सांगितलं तरी दमाच वाटावा."

बाई खरी हाय, आई म्हणाली होती. मला हसू यायचं ते कसंबसं आवरलं, कारण त्या पुढे सांगत होत्या.

"माजी धाकटी भैन हुती, चांगुणा. लग्नाला वरीस व्हायच्या आत सासरी चुलीपशी पडली. मिरगीवाली गळ्यात मारली म्हनून मागारी आनून सोडली. गाडीतनं उतरवली न्हाई, ढकलली. ती दोन वर्सं हितंच, ह्या घरात. कुनी तिच्या हातचं पानी पियाचं न्हाई. दिवाळीच्या पहिल्या आंगुळीला पोरांनी बार उडिवला, आन् ती हांतरुनातच गेली. उटवाया गेलो तर गार." त्यांनी नाक पुसलं. "प्रगती जत्रंत पडली तवा मला चांगुणाच दिसली. दम्याची पोर खपती, ताई. मिरगीची खपत न्हाई. दमा सांगितल्यानं कुनाचं काय जातंय, म्हनलं."

"तिचा जीव जातोय," मी ओरडले. खरंच ओरडले, शेरडं बुजली. मग मी त्यांना गोळ्यांचं सांगितलं. कुठली गोळी धरते, कुठली धरत नाही, दम्यामुळे चांगली गोळी का देता येत नाही, म्हणून मशीन. मोटारीचं आणि वायरिंगचंही सांगितलं. सांगताना माझाच आवाज त्या डॉक्टरीणबाईंसारखा बसत चालला होता.

सोजराबाई ऐकत होत्या. त्यांचा चेहरा हळूहळू राखेसारखा झाला.

"म्हंजी माज्या बोलन्यानं?"

मी त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला. त्या म्हणाल्या, "ताई, तुमी तिकडची लेक. ह्ये तुमाला सांगितलं म्हंजी मीच माज्या हातानं पोरीचं घर मोडलं का?"

बिरदेव माझा भाऊ आहे, पण रागात तो काय करेल हे मला ठाऊक नव्हतं. आई काय करेल हे मात्र चांगलं ठाऊक होतं. मी एवढंच म्हणाले, "मंगळवारी मशीन घालायच्या आधी डॉक्टरांच्या कानावर खरं गेलं पाहिजे. तुम्ही आलात तर तुम्ही सांगा. नाही आलात तर मी सांगेन. पण मी सांगितलं, तर ते नणंदेनं फोडलेलं होईल."

त्या येतील असं मला वाटलं नव्हतं. मंगळवारी हॉस्पिटलात बिरदेव रात्रपाळी करून तसाच आला, डोळे लाल, अंगात कंपनीचा शर्ट. आई गुरं शेजारी सोपवून आली. मशीन म्हणजे काय ते तिला स्वतः ऐकायचं होतं. प्रगती बाळाला घेऊन खालमानेनं बसली होती. डॉक्टरीणबाई मशीनचं चित्र दाखवून समजावायला लागल्या, कुठे चिरायचं, कुठून तार जाणार. मी तोंड उघडणार तेवढ्यात दार ढकलून सोजराबाई आत आल्या. सकाळपासून खालच्या मजल्यावर रांगेत बसल्या होत्या, आपण चुकीच्या रांगेत आहोत हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

त्यांनी जावयाकडे बघितलंच नाही. सरळ टेबलापाशी गेल्या.

"बाई, हिला दमा न्हाई. कवाच नव्हता. म्या सांगितला."

बाईंनी चित्र बाजूला सारलं आणि एकेक गोष्ट विचारली. सोजराबाईंनी जत्रा सांगितली, चप्पल सांगितली, चांगुणा सांगितली. पंपाचं विचारलं तेव्हा प्रगती पहिल्यांदा बोलली, "म्या तोंडापशी धरायची आन् भाईर दाबायची. आत कवा घेतलाच न्हाई."

बाईंनी क्षणभर डोळे मिटले. "बरं केलंस," त्या म्हणाल्या. "तो पंप असल्या हृदयाला डिवचतो." मग सोजराबाईंकडे वळून म्हणाल्या, "आजी, हिला मिरगी नाही. तुमच्या बहिणीलाही नव्हती. हाच आजार होता."

ते ऐकल्यावर सोजराबाई खुर्ची असताना खाली फरशीवर बसल्या आणि हुंदके देऊन रडल्या. मेलेल्या बहिणीवरचा डाग इतक्या वर्षांनी कुणीतरी पुसला होता, तोही अशा जागी की जिथे त्यांना तोंड वर करायची सोय नव्हती.

मशीन लांबलं. बाईंनी दोन भरवशाच्या औषधांमधून प्रोप्रॅनोलॉल निवडलं. म्हणाल्या, "नॅडोलॉल दिवसातून एकदाच घ्यायचं, सोयीचं आहे. पण ते दुधात जास्त उतरतं आणि दुकानात सहज मिळत नाही. हे दुधात फार उतरत नाही. मात्र वेळा चुकवायच्या नाहीत, आणि मनानं बंद करायचं नाही. दुकानदार दुसरं काही 'त्याच जातीचं' म्हणून देईल, ते घ्यायचं नाही. पहिले काही दिवस इथे माझ्या नजरेखाली ठेवते." आणि शेवटी, आम्ही दाराशी गेल्यावर, "या आजींचाही हृदयाचा कागद काढू. आणि बाळाचा."

व्हरांड्यात आईच्या तोंडाचा पट्टा सुटला. "एवढा मोठा दगा! भर मांडवात आमच्या तोंडाला पानं पुसली!" सोजराबाई ऐकून घेत होत्या. बिरदेव जिन्यावर जाऊन बसला. मी त्याच्या शेजारी बसले.

"तुला ठावं हुतं, आक्का?"

"शनिवारपासून."

"लग्नाआधी सांगितलं आसतं तर..." तो थांबला.

"तर काय केलं असतंस?"

त्यानं विचार केला. "न्हाई म्हनलो आसतो," तो म्हणाला. खोटं बोलला असता तर मला बरं वाटलं असतं, पण तो खरं बोलला. भांडायलाही अंगात बळ लागतं. रात्रपाळीवरून आलेल्या माणसाकडे ते कुठून असणार? तो तिथेच भिंतीला डोकं टेकून झोपला.

दोन्ही कागद संध्याकाळी आले. सोजराबाईंच्या रेघा लांब होत्या, म्हणजे तीच खोट, आयुष्यात कधी पडल्या नव्हत्या तरी. आणि बाळाच्याही लांब होत्या. आईचं बोलणं एका झटक्यात बंद झालं. बिरदेवनं प्रगतीच्या हातातून लेक घेतली आणि तो व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिला. माहेरी जा असं मात्र तो प्रगतीला म्हणाला नाही. आमच्याकडे याला समजूतदारपणा म्हणतात. मला तो थकवा वाटला.

नवीन गोळीवर प्रगती पडली नाही. कुकर माळ्यावरून खाली आला, त्याची पहिली शिट्टी झाली तेव्हा सगळं घर तिच्याकडे बघत उभं होतं आणि ती पोळ्या लाटत होती. बाळालाही तेच औषध, चिमूटभर, पाण्यात मोजून, आणि आधी पोटभर पाजल्याशिवाय द्यायचं नाही, नाहीतर तिची साखर उतरते. बिरदेव सगळं बिनचूक करायचा. शिरूरच्या दुकानदारानं एकदा "ह्ये बी त्यातलंच हाय, भाऊ" म्हणून दुसरं पाकीट पुढे केलं, तर यानं ते परत केलं, दुसऱ्या दुकानात गेला आणि मोटरसायकल तापवून, उन्हातान्हात हवं तेच घेऊन आला. मला वाटलं, सुटलो. आता निदान मला दौंडला निवांत झोपता येईल.

पुढच्या महिन्यात मी बाळाला बघायला न्हावऱ्याला गेले होते. दुपारी मळ्याशेजारच्या साखरबाई काकी आल्या. मोठ्या घरच्या, गावात वजन असलेल्या. आई चहा घेऊन आली. प्रगतीनं बाळाला पाजून घेतलं होतं आणि ती वाटीतलं औषध नळीत ओढून घेत होती.

"एवढ्याशा लेकराला कशाचं गं औशद?" काकींनी विचारलं.

प्रगतीचा हात थांबला. आणि बिरदेव, ज्याला फसवलं होतं तो माझा भाऊ, दारातून पटकन म्हणाला, "काय न्हाई, काकी. जरा दम्याचं हाय."

"व्हय, व्हय," आई लगेच म्हणाली. "दम्याचंच. आईवर गेलीया."

त्यांनी हे आधी ठरवलं असेल असंही नाही. तोंडाला आलं ते बोलले. मला दिसत होतं, उद्या हीच पोर कुठल्यातरी दवाखान्यात निपचित पडलेली असेल आणि कुणीतरी शेजारी डॉक्टरला सांगेल, हिला दमा आहे हो, लहानपणापासून. मी काही बोलणार, त्याआधी प्रगती बोलली. हळू आवाजात, पण डोळे वर करून.

"दमा न्हाई, काकी. काळजाचं हाय, माज्याकडनं आलंय. मलाबी हाय. मोठ्या आवाजानं माणूस पडतंय ह्यात, जातंयबी. कवा ही तुमच्या म्होरं पडली तर चप्पल हुंगवू नगा. आमाला हाक मारा आन् दवाखान्यात न्या. आन् तिथं दमा हाय म्हनून सांगू नगा, तिची गोळी बदलत्याल."

काकींनी कप खाली ठेवला. "असं व्हय," म्हणाल्या. थोडा वेळ बसल्या, पावसापाण्याचं बोलल्या आणि अर्धा चहा तसाच टाकून उठल्या. संध्याकाळच्या दुधाला डेअरीवर हे पोहोचणार, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. आई भिंतीकडे तोंड करून बसली.

"काय गरज हुती?" बिरदेव म्हणाला. आवाजात राग कमी आणि भीती जास्त होती. "आता हिचं लगीन कसं व्हायचं?"

प्रगतीनं बाळाचं तोंड हलकेच उघडून नळी गालाच्या आत सोडली आणि औषध थेंबाथेंबानं आत जाईपर्यंत ती थांबली.

"आधी लग्नाएवढी तर हू द्या तिला," ती म्हणाली.